तंबू कुणाचा, चूल कुणाची?

धरणाच्या काठावरचं कॅम्पिंग हा विषय आपल्या अंकात कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. सहल म्हणजे चैन, आणि चैनीवर लिहायला दुसरी मासिकं आहेत. पण मी मावळ तालुक्यातल्या बचतगटांबरोबर काम करते, आणि तिथल्या बैठकांत रेशन, दारू, कर्जाचे हप्ते यांच्या जोडीनं ‘टेंट’ हा शब्द आता हटकून येतो. “शनिवार आहे ताई, टेंट आहेत, मला यायला जमायचं नाही,” हे मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी आम्ही शनिवारची बैठक बुधवारवर नेली. ज्या धंद्यापायी बायांच्या बैठकीचा वार बदलावा लागतो, तो धंदा बायांचा विषय आहेच.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. पवना नदीवर मावळात धरण आहे, १९७२च्या सुमाराला पुरं झालेलं. एका अंगाला लोहगड आणि विसापूर, दुसऱ्या अंगाला तुंग आणि तिकोना, मध्ये पाणी. पुण्याहून दोन तासांत पोचता येतं, मुंबईहून तीन तासांत. गेल्या दहाबारा वर्षांत ठाकूरसई, आंबेगाव, ब्राह्मणोली अशा गावांच्या हद्दीत पाण्याच्या कडेनं तंबूंच्या ओळी उभ्या राहिल्या. रीत बहुतेक ठिकाणी सारखीच. दुपारी चारच्या सुमाराला या, दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत निघा. माणशी हजार ते पंधराशे रुपये. त्यात संध्याकाळचा चहा-भजी, शेगडीवर भाजायला चिकन किंवा पनीर, रात्रीचं जेवण, शेकोटी, गाणी, सकाळी पोहे. तंबू, गादी, पांघरूण त्यांचं. संडास सामाईक. बुकिंग फोनवर, निम्मे पैसे आधी. पावसाळ्यात जोर कमी, ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत गर्दी, आणि ३१ डिसेंबरला तर जागा मिळायची मारामार.

(आमच्या चळवळीत ‘कॅम्प’ म्हटलं की शाळेची खोली, सतरंज्या, भाताचं मोठं पातेलं आणि रात्री बारापर्यंत गटचर्चा. त्यामुळे पहिल्यांदा जेव्हा एका बाईनं “आमच्याकडं कॅम्प असतोय” असं सांगितलं, तेव्हा मी विषय कोणता म्हणून विचारलं होतं.)

मी या कॅम्पिंगच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकते. आपल्याकडे कुटुंबाची सहल म्हणजे बाईच्या कामाला गाव बदलून देणं. आदल्या रात्री दशम्या लाटायच्या, चटणी-लाडू बांधायचे, मुलांचे कपडे, सासूबाईंच्या गोळ्या, पाण्याच्या बाटल्या. तिथं पोचलं की सतरंजी अंथरायची, वाढायचं, उष्टं आवरायचं. नातेवाइकांच्या गावी गेलं तर तिथल्या स्वयंपाकघरात हात लावायचा. तंबूच्या पैशात जेवण धरलेलं असतं, म्हणून या एका सहलीत बाईला चूल नाही. आमच्या पिंपरीच्या गटातल्या बारा जणी वर्गणी काढून पवनेला जाऊन आल्या. त्यांतली एक धुणीभांडी करणारी बाई नंतर सांगत होती, लग्नाला बावीस वर्षं झाली, पण सकाळी उठल्यावर चहा कुणीतरी हातात आणून दिला तो त्या दिवशी पहिल्यांदा. ती पाण्याकडे तोंड करून तासभर नुसती बसली होती. विश्रांती हा हक्क आहे असं आपण परिपत्रकांत लिहितो. तो मिळाल्यावर कसा दिसतो, ते तिच्या सांगण्यातून मला कळलं.

पण या बारा जणींना जागा मिळवताना जे झालं तेही सांगायला हवं. पहिल्या ठिकाणी फोनवर प्रश्न आला, “बरोबर जेंट्स किती?” एकही नाही म्हटल्यावर पलीकडचा माणूस घोटाळला. त्याच्याकडे दोन रकाने होते, फॅमिली आणि कपल. पाण्याच्या काठावर जागोजाग पाट्या आहेत, ‘स्टॅगला प्रवेश नाही, फक्त फॅमिली व कपल’. ‘स्टॅग’ म्हणजे नुसते पुरुष. ते दारू पिऊन धिंगाणा घालतात म्हणून ही बंदी. मालकाची अडचण मला समजते. पण त्यानं शोधलेला उपाय असा, की पुरुषाबरोबर बाई असली की तो माणसात राहतो. म्हणजे बाई ही पुरुषाच्या वागणुकीचा जामीन! आणि जामीन स्वतःच एकटा आला तर त्याला कुठं ठेवायचं ते कुणाला ठाऊक नाही. विधवा आई आणि तिच्या दोन मुली, घटस्फोटित बाई आणि तिचा मुलगा, दोन मैत्रिणी, ही कुटुंबं नव्हेत काय? शेवटी दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना घेतलं, ते त्या घरातल्या बाईनं फोन स्वतःकडे ओढून घेतला म्हणून.

आता घरासारखी गाडी घेऊन फिरण्याचंही बोललं जातं. झोपायला पलंग, संडास, शेगडी, सगळं गाडीतच. कॅरव्हॅन म्हणतात तिला. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, गाड्यांच्या मुक्कामासाठी वीज-पाण्याच्या सोयीचे तळ व्हावेत अशी त्यात कल्पना आहे. धरणकाठच्या गावांत त्याची कुजबुज आहे, कारण अशा गाडीला तंबू नको, गादी नको, फक्त सपाट जागा आणि नळ हवा. मी ती गाडी आतून पाहिली. सोय झकास आहे. पण पाहताना पहिला विचार हाच आला, की हिच्यात स्वयंपाकघर बरोबर आलंय, म्हणजे स्वयंपाकीणही बरोबर आलीच. नवरा गाडी चालवणार, त्याचं कौतुक होणार. ती वळणावर घसरणारी भांडी धरणार. कुणाच्या घरी उलट होत असेल तर आनंद आहे.

असो. शहरातल्या बाईची एक रात्र सुटली, पण ती चूल विझलेली नाही, दुसरीकडे पेटलेली आहे. तिकडे जाऊ.

काठावरच्या घरातल्या सुनेचा शनिवार पहाटे साडेचारला सुरू होतो. घरची गुरं, घरचा डबा, मुलांचं आवरणं हे रोजचं. त्यानंतर मागच्या मुक्कामाच्या चादरी धुवायच्या, तंबू झाडायचे, भाजी निवडायची, मसाला वाटायचा. चारला पाहुणे आले की चहा आणि भजी. सातनंतर भाकऱ्या. मावळ भाताचा मुलूख, त्यामुळे तांदळाची भाकरी, ती गरमच लागते, आधी करून ठेवता येत नाही. पन्नास-साठ माणसं असली तर शंभरावर भाकऱ्या दोघीतिघींनी थापायच्या. पाहुण्यांचं जेवण दहा-साडेदहाला उरकतं, भांडी बाराला. रात्री कुणाला पांघरूण हवं, कुणाच्या बाळाला दूध गरम करून हवं. आणि सकाळी सातला चहा-पोहे तयार हवेत. हे शनिवारी, हेच सलग सुट्ट्या आल्या की तीन दिवस. पूर्वी भाताची कापणी-झोडणी झाली की बायांना थोडी उसंत असायची. आता कापणी आणि टेंट एकाच महिन्यात येतात.

यात एक गोष्ट मला फार खुपते. बहुतेक पाट्यांवर मोठ्या अक्षरात असतं, ‘चुलीवरचं जेवण’. चुलीच्या धुरानं बायांचे डोळे आणि फुफ्फुसं जातात हे आपण किती वर्षं सांगत आलो. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, सिलिंडर घरात आले. भरून आणायचे पैसे परवडत नाहीत ही तक्रार वेगळी. पण या घरांतून सिलिंडर भरलेला असतो, घरच्यांचा चहा त्यावर होतो, आणि पाहुण्यांसाठी बाई मागच्या पडवीत चार-पाच तास धुरात बसते, कारण गॅसवरची भाकरी गिऱ्हाइकाला नको असते. शहरातल्या माणसाला आजीच्या हातची आठवण हवी असते. त्या आजीला दमा होता की नाही, हे त्याला आठवत नाही. एका मालकानं निदान चुलीवर धुराडं बसवलंय आणि वर उघडी जागा ठेवलीय. खर्च फार आला नाही म्हणाला. मग बाकीच्यांचं काय अडलंय?

कामाची वाटणीही जातीनं झालेली आहे. स्वयंपाक मालकाच्या घरच्या किंवा भावकीतल्या बायांचा. लाकूडफाटा आणणं आणि संडास धुणं कातकरी-ठाकर वस्तीवरच्या बायांकडे. याबद्दल कुणी नियम केला नाही आणि कुणाला विचारायचीही गरज पडत नाही. पाहुणे निघून गेल्यावर बाटल्या, कागदी ताटं, मुलांची लंगोटं गोळा करणारीही तीच. मजुरीवर येणाऱ्या बाईला दिवसाचे तीनशे-चारशे मिळतात, पण दिवस कधी संपतो ते ठरलेलं नाही. घरच्या सुनेला काहीच मिळत नाही, कारण ते ‘घरचं काम’ आहे.

घरचं काम! पाहुण्याकडून माणशी बाराशे घेतात त्यातला तंबूचा भाग किती आणि जेवणाचा किती, हे आम्ही एकदा बुधवारच्या बैठकीत खडूनं फळ्यावर मांडलं. तंबू एकदा घेतला की काही हंगाम चालतो. रोज लागतो तो शिधा आणि हात. शिध्याचे पैसे वजा केले, एजंटाचं कमिशन वजा केलं, आणि उरलं त्यात आपले हात किती, असा प्रश्न टाकला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हातारी म्हणाली, “हात नसतील तर नुसतं कापडच की गं ते.”

पैसा कुणाच्या हाती येतो, तेही बघा. याच बाया पूर्वी रस्त्याच्या कडेला करवंदं, जांभळं, अंडी, ताक विकायच्या. रक्कम लहान, पण नाणी त्यांच्या कनवटीला. आज पाहुणा फोन काढतो आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चौकोनावर धरतो. तो क्यूआर कोड नवऱ्याच्या किंवा पोराच्या खात्याचा. बाईसमोरून शनिवार-रविवारात तीस-चाळीस हजार रुपये जातात आणि तिला त्याचा आवाजसुद्धा फक्त ‘टिंग’ एवढाच ऐकू येतो. बचतगटाचा शंभर रुपयांचा हप्ता मात्र तिनं नवऱ्याकडे मागून आणायचा. आमच्या दोन गटांतल्या बायांनी चहा-भजीपुरता वेगळा कोड आपल्या गटाच्या खात्याचा लावून घेतला. त्यावरून एका घरात आठवडाभर अबोला होता. पण कोड अजून आहे.

आता जमिनीचं. हे जरा लांबेल, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हे पाणी म्हणजे निसर्गानं दिलेलं तळं नाही, तिथं गावं होती. पवना धरणासाठी १९६०च्या दशकात जमिनी गेल्या. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली आला, म्हणजे या लोकांना घालवलं तेव्हा तो नव्हताच. साधारण बाराशे खातेदार बाधित झाले, आणि त्यांतली आठशेहून अधिक कुटुंबं पन्नास वर्षं जमिनीची वाट पाहत राहिली. बुडाली त्यापेक्षा जास्त जमीन सरकारनं घेतली, हे तिथल्या लोकांचं जुनं म्हणणं आहे. पाणी गेलं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना आणि नळांना. पुढे धरणातून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं तेव्हा मावळातले शेतकरी रस्त्यावर आले, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला. तिघं गेले. त्यांत एक कांताबाई ठाकर. आंदोलनाच्या बातम्यांत ‘शेतकरी’ म्हटलं की डोळ्यांपुढे फेटा किंवा टोपी येते. पण त्या दिवशी मेलेल्या तिघांतली एक बाई होती, हे आपल्या मासिकात पुन्हा पुन्हा लिहिलं पाहिजे. त्याच्याही आधी, १९२१ साली, शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापटांचं नाव सगळ्यांना पाठ असतं. जाईबाई भोईटे हे नाव किती जणींना माहीत आहे?

एवढी किंमत दिली, आणि बाईच्या नावावर काय आलं? ‘खातेदार’ म्हणजे पुरुष. मोबदला त्याच्या नावे, पर्यायी जमीन मिळालीच तर तीही त्याच्या नावे. आणि जी उरलेली, काठाला लागून असलेली वरकस जमीन होती, जिच्यात नाचणी-वरईशिवाय काही पिकत नव्हतं, तिला आता तंबूमुळे सोन्याचा भाव आला. भाव आला तसा बहिणींना बोलावणी यायला लागली. आई आजारी आहे म्हणून नव्हे, सही हवी आहे म्हणून! हक्कसोड पत्र तयार असतं, फक्त अंगठा किंवा सही. नाही म्हटलं तर माहेर तुटतं, भाऊबीज बंद होते. सही केली तर साडी मिळते. एकीला दोन साड्या मिळाल्या, कारण तिच्या वाट्याची जमीन थेट पाण्याला लागून होती. हे तिनंच हसत सांगितलं, आणि मग कुणीच हसलं नाही.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५च्या दुरुस्तीनं तो देशभर आला आणि लग्नाची अट गेली. वडील २००५ला हयात होते की नाही यावरून जो घोळ होता, तो सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२०च्या निकालात मिटवला: हक्क मुलीला जन्मानं आहे. गावात मात्र हे सांगितलं की “कायदा आहे ताई, पण भाऊ आहे ना,” असं उत्तर येतं. म्हणून मी आता सही करू नका असं सांगत नाही. मी विचारते, सही करण्याआधी त्या गटाचा सातबारा वाचलात का, आणि दरानं वाटा किती होतो तो आकडा काढलात का. आकडा कागदावर मांडल्यावर काही जणींचा हात थांबतो. काहींचा नाही थांबत.

सातबाऱ्यावर मी इतका भर देते, कारण धंद्याच्या पुढच्या सगळ्या वाटा त्यातून जातात. २०२०मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आलं, ते शेतकऱ्यासाठी, आणि शेतकरी कोण हे सातबारा ठरवतो. २०२३मध्ये सरकारनं महिलांसाठी वेगळं पर्यटन धोरण काढलं, त्याला नाव दिलं ‘आई’. नावावर मला बोलायचंय पण जागा नाही. बाईला उद्योजक म्हणायचं तरी आधी आई म्हणावं लागतं, एवढंच. त्यातली तरतूद मात्र कामाची आहे. बाईनं पर्यटनाच्या व्यवसायासाठी पंधरा लाखांपर्यंत कर्ज घेतलं तर त्याच्या व्याजाचा परतावा ठरावीक मर्यादेत सरकार करतं. अट अशी की व्यवसाय तिच्या मालकीचा आणि तिनं चालवलेला हवा. चालवतात तर बायाच. मालकीच्या रकान्याशी गाडी अडते. तंबू नवऱ्याच्या जमिनीवर, परवाना नवऱ्याच्या नावे, बँक खातं नवऱ्याचं. पंचवीस वर्षं भाकऱ्या भाजणारी बाई त्या अर्जापुढे पाहुणीच.

यावर आमच्यातच वाद आहे. एका ज्येष्ठ कार्यकर्तीचं म्हणणं असं, की या योजनेसाठी नवरे बायकोचं नाव कागदावर लावतील आणि कर्ज स्वतः वापरतील, जसे सरपंचपती असतात तसे टेंटपती निघतील. होईल, नक्की होईल. पण सरपंचपतींचा अनुभव काय सांगतो? पहिल्या पाच वर्षांत बाई नुसती सही करायची. पुढे तिच्याशिवाय धनादेश वटत नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि काही ठिकाणी तिनं सही रोखून धरली. नावापुरतं नाव हेही नाव आहे. नाव नसेल तर रोखून धरायलाही काही नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेशी आपले मतभेद होते, पण १९८६ला चांदवडला शेतकरी बाया हजारोंनी जमल्या आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात जमिनी बायकांच्या नावे झाल्या, तेव्हाही शहरातल्या पुष्कळ जणींनी ‘नुसतं कागदी’ म्हणून नाकं मुरडली होती, असं जुन्या कार्यकर्त्या सांगतात. ज्यांच्या नावे ते कागद झाले, त्यांना ते आजही पुरतात.

जमीन एका दिवसात होणार नाही. पण घर होतं. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्याला घर नवरा-बायको दोघांच्या नावे लागतं. टेंटसाठी बांधलेली स्वयंपाकाची शेड, संडास-न्हाणी यांची नोंद तिथंच व्हायची असते, त्याच वेळी दोघांची नावं लावून घेता येतात. अर्ज साधा आहे. नवऱ्याची तयारी लागते, हे खरं. एका गटातल्या पाच जणींनी मिळून एकाच दिवशी अर्ज केले, तेव्हा नवऱ्यांना एकमेकांकडे बघून नाही म्हणणं जड गेलं.

एक विषय बाया गटात बोलत नाहीत, घरी जाताना वाटेत बोलतात. रात्रीचे पाहुणे. फॅमिलीची पाटी असली तरी दारू असतेच, आणि अंधारात तंबूपर्यंत पांघरूण पोचवायला पाठवलेल्या पोरीचा हात धरला जातो. मालक म्हणतो, गिऱ्हाईक आहे, जाऊ दे, तू पुढच्या वेळी एकटी जाऊ नकोस. १९९२ साली राजस्थानात भंवरीदेवीवर सरकारी काम करताना अत्याचार झाला, त्यातून १९९७चा विशाखा निकाल आला, त्यातून २०१३चा कायदा. हा कायदा ऑफिसातल्या बायांचा, असा समज तालुक्याला पक्का आहे. तसं नाही. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तिथल्या बाईसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते, तिची अध्यक्ष बाईच असते, आणि तक्रार घ्यायला तालुक्याला एक अधिकारी नेमायचा असतो. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. धरणकाठचा तंबूतळ हे कामाचं ठिकाण आहे, आणि मजुरीवर आलेली कातकरी बाई ही त्या कायद्यातली कामगार आहे. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन किती कॅम्पवर लावलेला दिसतो? मला अजून एकाही ठिकाणी दिसलेला नाही. कराओकेचे दर दिसतात.

शहरातल्या मैत्रिणींना माझं एवढंच सांगणं आहे, की जा, जरूर जा, आणि जाताना प्रश्न घेऊन जा. बुकिंग करताना विचारा की संडासापर्यंत रात्री दिवा आहे का, आतून कडी लागते का. याचा फायदा तुम्हालाही आणि तिथल्या पोरींनाही. विचारा की स्वयंपाक कोण करतं आणि तिला पैसे कोण देतं. गॅसवरची भाकरी चालेल असं आधीच सांगा. पैसे देताना घरातल्या बाईचा कोड मागा. मालक गोंधळेल. त्याला चार शनिवार चार जणींनी विचारलं की तो घरात जाऊन बोलेल. गिऱ्हाइकाच्या शब्दाला जे वजन आहे ते आमच्या बैठकीला नाही, हे मी पगारी समाजसेविका म्हणून कबूल करते, थोडं रागानंच.

गावातलं काम गावात. या वर्षी आम्ही महिला सभेचा मुद्दा धरलाय. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची, असं कायदाच म्हणतो. तिथं तीन ठराव मांडायचे आहेत: टेंटला ग्रामपंचायत ना-हरकत देईल ती नवरा-बायको दोघांच्या नावे द्यावी, लैंगिक छळाच्या तक्रारीसाठीच्या अधिकाऱ्याचा फोन प्रत्येक तळावर लावावा, आणि संडास साफ करणाऱ्या बाईला हातमोजे, बूट व ठरलेली मजुरी मिळावी. मसुदा तयार आहे. अडचण वेगळीच निघाली. ग्रामसभा बहुतेकदा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ठेवण्याची रीत, आणि महिला सभा तिच्या आदल्या दिवशी. हे सगळे सुट्टीचे दिवस, म्हणजे टेंट भरलेले, म्हणजे बाया चुलीपाशी. टेंटवरचे ठराव टेंटमुळेच बारगळायचे. म्हणून ग्रामसेवकांकडे पहिला अर्ज तारखेचाच दिलाय: महिला सभा त्या आठवड्यातल्या बुधवारी, दुपारी एक ते तीन. अर्जावर एकसष्ट सह्या आहेत, त्यांत अकरा अंगठे. पोच घेतली आहे.